बागेत कुणीच न बोललेलं वाक्य

कतारमधल्या मेसईदच्या कॉलनीत आमच्याबरोबर राहिलेल्या काही मराठी कुटुंबांना अजूनही वाटतं की आमच्या शेजारची वसईची बाई युरोपात जाऊन आली आणि तिला शिंगं फुटली. हे खोटं आहे. ते मी पसरवलं, आणि त्यासाठी मला एकच वाक्य पुरलं. त्यातली बरीच माणसं आता पुण्यात, वसईत, कॅनडात आहेत. त्यांच्यापर्यंत हे पोचावं म्हणून लिहितो आहे.

गोष्ट तीसेक वर्षांपूर्वीची. मी खताच्या कारखान्यात पाळीवर होतो. आमची काही यंत्रं डेन्मार्कहून आलेली, त्यामुळे ट्रेनिंगसाठी आमच्यातल्या दोघांना सहा आठवडे कोपनहेगनला पाठवायचं ठरलं. एक मी, दुसरा आमचा शेजारी. तो माझ्याहून एक हुद्दा वर होता. त्याची बायको तिथल्याच दवाखान्यात नर्स. ती वसईची ख्रिश्चन, आम्ही कुडाळकडचे. पण दोन घरांमधलं दार बंद असलेलं मला आठवत नाही. आमच्या मुलीला ताप आला की ती ड्यूटीवरून आल्या कपड्यांनिशी येऊन बसायची. नाताळात तिच्याकडून ताट यायचं, दिवाळीत आमच्याकडून जायचं. माझ्या बायकोला ती ‘वैनी’ म्हणायची.

कंपनीच्या पत्राबरोबर एक फॉर्म होता. शेवटची ओळ होती : पत्नी सोबत येणार का? हो किंवा नाही. मी ऑफिसातच, घरी न विचारता, ‘नाही’वर खूण केली आणि फॉर्म देऊन टाकला. घरी सांगितलं, वरच्या हुद्द्याच्या लोकांच्याच बायकांना नेतात. शेजारी वरच्या हुद्द्याचा होताच. खोटं कसं चपखल बसलं.

खरं कारण असं. काही महिन्यांपूर्वी कंपनीचं जेवण होतं. आमच्या इंग्रज साहेबाने बायकोला विचारलं, कतार कसं वाटतं? ती म्हणाली, “हॉट. बट मासे गुड.” आणि स्वतःच मोठ्याने हसली. सगळं टेबल हसलं. साहेबाला ते इतकं आवडलं की पुढे तो आमच्याकडे बांगड्याचं तिखलं खायला दोनदा आला. पण माझ्या डोक्यात ते टेबल राहिलं. मी नोकरीसाठी माझी मालवणी घासूनपुसून टाकली होती. ती मात्र जिथे जाईल तिथे तीच भाषा बोलायची. युरोपात हिला घेऊन कुठे बसू, एवढाच विचार मी तो फॉर्म भरताना केला होता.

कोपनहेगनला एका शनिवारी आम्ही तिघं तिथल्या एका जुन्या बागेत गेलो. रेल्वे स्टेशनसमोरच ती आहे. फाटकातून आत गेलं की रस्त्याचा आवाज बंद होतो. तळं, तळ्यावर वाकलेली झाडं, फुलांचे वाफे, मोकळे फिरणारे मोर, आणि त्यांच्या मधेमधे पाळणे आणि फिरती घोडी. शंभर-दीडशे वर्षं लोक तिथे येताहेत, आणि अजूनही रविवारी कुणाकडे जावं तसे येतात. आम्ही तळ्याकाठच्या बाकावर बसलो. शेजारीण इकडेतिकडे बघत म्हणाली, “वैनींना का नाही आणलं हो? त्या असत्या तर या मोरालाही दोन शब्द ऐकवले असते.”

“तिला विमानाची भीती वाटते,” मी म्हणालो.

“मग दरवर्षी गावाला काय होडीने जातात?”

तिचा नवरा हसला, मीही हसलो. पण मला कळून चुकलं की परत गेल्यावर या दोघी दारात भेटतील, आणि पाच मिनिटांत सगळं बाहेर येईल.

ते दोघं आणखी दोन दिवस थांबणार होते. मी आधी परतलो. बायको स्वयंपाकघरात कोळंबी सोलत होती. तिने बागेबद्दल विचारलं. मी मोरांचं सांगितलं, तळ्याचं सांगितलं, आणि मग म्हणालो, “तुझी मैत्रीण म्हणाली, बरं झालं वैनींना आणलं नाही. असल्या ठिकाणी त्या शोभल्या नसत्या.”

तिचा हात थांबला. “अशी म्हणाली?”

“अशीच.”

हे शब्द माझे होते. फॉर्म भरताना मनात आले होते, ते मी दुसरीच्या तोंडात घातले.

दोन दिवसांनी शेजारीण आली. एका हातात स्टीलचा डबा, दुसऱ्या हातात फोटोंचं पाकीट. बायकोने डबा घेतला, “कामात आसंय,” म्हणाली आणि दार लावलं. मी आतल्या खोलीत पेपर धरून बसलो होतो. डब्यात बिस्किटं, चॉकलेटं आणि रंगीत जेलीच्या गोळ्या होत्या. बायकोने त्यातलं काहीच खाल्लं नाही. त्या वर्षी नाताळचं ताट आलं नाही, दिवाळीचं गेलं नाही. कॉलनीतल्या बायकांनी विचारलं तेव्हा बायकोने ऐकलेलं सांगितलं, आणि त्या बाईला शिंगं फुटली ती तिथे. तिने कधी उलट उत्तर दिलं नाही. वर्षभरात ते दोघं दोह्याला राहायला गेले.

डबा मात्र आमच्याकडे राहिला. आमच्यात दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. भरून द्यायला बायकोचं मन होईना, आणि रिकामा द्यायला हात धजेना. झाकणावर शेजाऱ्याच्या नावाची अक्षरं टोचलेली, तशीच घेऊन डबा आमच्याबरोबर कुडाळला गेला. मी निवृत्त झाल्यावर आम्ही वर्षातले काही महिने मुऐदरला मुलीकडे राहायला येऊ लागलो, तेव्हा त्यात आमसुलं भरून तो परत कतारला येऊ लागला. दर वेळी बॅग उघडली की आधी ती अक्षरं दिसायची. दोन वर्षांपूर्वी कुणाकडून तरी कळलं की शेजारी वारला, आणि त्याची बायको आता मुलाकडे अल खोरला असते. आमच्यापासून गाडीने तासाभरावर.

मागच्या उन्हाळ्यात मुलगी म्हणाली, इथल्या उकाड्यात काय बसता, चला, आठवडाभर कोपनहेगनला जाऊ. बाबांची बाग आईला दाखवू. बायको लगेच हो म्हणाली. मी गुडघ्याचं कारण काढलं. मुलीने व्हीलचेअरची चौकशी केली, तेव्हा गुडघा आपोआप बरा झाला.

बाग तशीच होती. झाडं मोठी झालेली, मी म्हातारा झालेलो. तिथे एक लाकडी घसरगाडी आहे, फार जुनी. ती लाकडी डोंगरातून धडधडत खाली येते आणि प्रत्येक गाडीत एक माणूस ब्रेकचा दांडा धरून बसतो. वेग किती ठेवायचा ते तोच ठरवतो. मी उभा राहून बघत होतो. जन्मभर वॉल्व्ह फिरवलेल्या माणसाला असलं काही दिसलं की पाय हलत नाहीत.

“बसूया,” बायको म्हणाली.

“अडुसष्ट वर्षांची झालीस.”

“तो बसलो हा मा ब्रेक धरून. तुमी कशाक घाबरतास?”

बसलो. ती प्रत्येक वळणावर ओरडली, मालवणीत, आणि पुढचे दोघं मागे वळून हसले. त्या हसण्यात हसण्यापलीकडे काही नव्हतं. उतरताना ब्रेकवाल्याने तिला हात दिला. ती त्याला “थँक्यू बाबा” म्हणाली.

मग आम्ही तळ्याकाठी बसलो. मुलगी कॉफी आणायला गेली. समोर एक म्हातारी आपल्या मैत्रिणीबरोबर बसली होती. दोघींनी घरून डबा आणला होता आणि मांडीवर रुमाल पसरून त्या पाव खात होत्या. बायको बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती. मग म्हणाली, “ती खंय बसली होती?”

“कोण?”

“तीच. तां बोलली तेव्हा.”

मी कॉफीच्या रांगेकडे बघितलं. तीच पुढे म्हणाली, “म्हणजे माका बघूचा होता. अशी कसली जागा ती, जंय मी शोभलंय नसतंय. हंय तर ही म्हातारी घरसून डबो घेवन इली हा. कोण हसता तिका?”

तीस वर्षं तिने ही बाग मनात कशी बांधली होती ते मला त्या क्षणी दिसलं. एक अशी जागा, जिच्या फाटकावरून तिला परत पाठवलं असतं. आणि हे तिला तिच्या मैत्रिणीने सांगितलं, असं धरून ती जगली होती.

“ती असं काही बोलली नव्हती,” मी म्हणालो. मग फॉर्मपासून सगळं सांगितलं. फार वेळ लागला नाही. मला वाटायचं लागेल.

“म्हणजे ती कायच बोलूक नाय?”

“तुला का आणलं नाही, असं विचारलं तिने. एवढंच.”

तिने पदर सारखा केला. “आणि मी तिका दारातसून परत धाडलंय.”

“तुला मी इथे आणायला हवं होतं...”

“बाग जळो ती,” ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. “माका बागेचा काय नाय. तिचा काय, तां सांगा.”

तेवढ्यात मुलगी कॉफी घेऊन आली. बायकोने ती प्यायली आणि उरलेली बाग नीट बघितली, मोरांसकट. माझ्याशी बोलली नाही. विमानातही नाही. मुऐदरला आल्यावर पहिल्या सकाळी तिने आमसुलं बरणीत काढली, डबा चिंचेने घासला आणि उन्हात पालथा घातला. मग मुलीला म्हणाली, अल खोरचा नंबर मिळव. मला म्हणाली, “तां तुमी सांगूचा. माझ्या तोंडान नाय.”

शुक्रवारी मुलीने गाडी काढली. बायको मांडीवर डबा घेऊन पुढे बसली, त्यात नारळाच्या वड्या. तासभर दोन्ही बाजूंनी वाळू, आणि मी मागच्या सीटवर वाक्यं जुळवत होतो. एकही जमलं नाही.

दार शेजारणीनेच उघडलं. केस पांढरे, पाठीला थोडा बाक. आधी बायकोकडे बघितलं, मग डब्याकडे, मग झाकणावरच्या अक्षरांकडे. त्यांवरून तिने बोट फिरवलं.

“वैनी,” ती म्हणाली, “त्या गोळ्यांचं मला खरंच माहीत नव्हतं गो.”

आम्हाला काही कळेना. आत बसल्यावर उलगडा झाला. त्या जेलीच्या गोळ्यांत गाई-गुरांच्या हाडांचं काही घालतात, असं तिला नंतर दवाखान्यात कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून ती धरून बसली होती की आपण वैनीच्या घरात नको ते नेलं, म्हणून त्यांनी दार लावलं. विचारायची लाज वाटली. “देवाशपथ, रंग बघून घेतल्या होत्या मी.”

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी बसूनच सगळं सांगितलं. मी घासलेल्या मराठीत सुरू केलं आणि मधेच कुठेतरी ती सुटून मालवणी आली.

ऐकून झाल्यावर शेजारणीने डबा उचलून मांडीवर घेतला. मग म्हणाली, “माझा नवरा जाईपर्यंत विचारायचा, तुझं वैनीशी काय बिनसलं. मी म्हणायची, काही नाही. त्याला तुम्ही सांगितलं असतंत तर बरं झालं असतं.”

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही माफी मागितली नाही. ती मागण्यासारखी आहे असं मला वाटलं नाही. थोड्या वेळाने ती उठली आणि कपाटातून एक पाकीट घेऊन आली. दारातून परत गेलेले फोटो. दोघी शेजारी शेजारी बसल्या आणि चष्मे लावून बघू लागल्या.

“ह्या गाडयेत मी बसलंय,” बायको म्हणाली.

“खरंच? मला नाही बसवलं बाय कुणी.”

मुलगी आणि मी बाहेर समुद्रापर्यंत जाऊन आलो. निघताना तिने आपला डबा ठेवून घेतला आणि दुसरा, भरलेला, बायकोच्या हातात दिला. “हा तरी यंदाच्या यंदा आणा हो. तीस वर्षं थांबायला मी नाही इथे.”

तेव्हापासून डबा दर एक-दोन आठवड्यांनी जातो-येतो. मला बरोबर बोलावतीलच असं नाही. हे लिहायला बायकोने सांगितलं, आणि उद्या शुक्रवार, तेव्हा हे कागद पहिल्यांदा डब्याबरोबर अल खोरला जायचे आहेत, मग बाकीच्यांकडे. आधी तिने वाचून घेतलं. मी समोर बसून होतो. तिने पानं सारखी केली, माझ्यासमोर ठेवली आणि एका ओळीवर बोट टेकवलं.

“कोळंबी नाय. बांगडे होते.”

मी वर कोळंबी लिहिलं आहे. बांगडे होते.