कल्याणच्या खिडकीवरचं गोल तिकीट

शेजारच्या मास्तरांनी गोल तिकिटाची गोष्ट काढली, तेव्हाच मला वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय. कल्याणहून निघायचं, भुसावळ, काशी, दिल्ली करत परत कल्याणला यायचं, वाटेत हवं तिथं उतरायचं, आणि सगळ्याला मिळून एकच तिकीट. तेही सुटी तिकिटं काढण्यापेक्षा स्वस्त! रेल्वे काय आपली सासुरवाडी आहे? आणि मास्तरांना आमची एवढी काळजी का?

कामतघरच्या यंत्रमागाच्या कारखान्यात लूमवरून उतरलेले कापडाचे तागे तपासायचं माझं काम. दिवसभर तुटलेले धागे शोधायचे. ती खोड घरीही सुटत नसे. साधा नारळ घेतला तरी मी दहा वेळा हलवून बघे.

बायकोला मात्र हुरूप आला. तिची थोरली बहीण भुसावळला दिलेली. आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली, तेवढ्या वर्षांत दोघींची एकदाही भेट नाही. दर दिवाळीला ती विषय काढायची. मी म्हणायचो, "भुसावळ काय इथं शेजारी पडघ्याला आहे? भाडं परवडायचं नाही." मग ती फराळाच्या कामाला लागायची.

शुक्रवारी लूम बंद. तिला घेऊन एसटीनं कल्याणला गेलो. खरं सांगायचं तर तिच्यादेखत मास्तरांचं पितळ उघडं पाडायचं होतं. खिडकीवरच्या बाबूला मी भंडावून सोडलं. मधेच आजारी पडलो तर? दिवस किती? उलट फिरता येतं?

"उलट नाही. पुढंच जायचं," तो वैतागून म्हणाला.

सापडली खोट! मी बायकोकडं ऐटीत पाहिलं.

"मना काशी नको न् दिल्ली नको," ती म्हणाली. "भुसावलचा साधा भाडा किती हाय, तो इचारा की."

मी विचारलं. बाबूनं आकडा सांगितला. माझ्या एका आठवड्याच्या पगारातून तो सहज निघाला असता. नऊ वर्षं मी भाडं परवडत नाही म्हणत होतो, आणि ते किती, हे एकदाही कुणाला विचारलं नव्हतं. मास्तरांवर संशय घेतला, बाबूवर घेतला, स्वतःच्या बोलण्यावर कधी घेतला नाही. भर रांगेत मला लाज वाटली.

"येवढाच?" ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मागचे लोक "जल्दी करो भाई" म्हणून गलका करायला लागले. बाबूनं विचारलं, "भुसावळची किती देऊ?"

दोन म्हणायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात ती खिडकीजवळ सरकली आणि म्हणाली, "एक."