कामजाच्या तोंडातलं बोट

तुमच्या कुत्र्याचा ओठ वर करून तुम्ही कधी आत बघितलंय का? खरं सांगा. डोकं कुरवाळणं वेगळं, फोटो काढणं वेगळं. मी तोंडात बघण्याबद्दल विचारतेय.

पिलनाम, आडनाव ओ, कोरियातल्या इंचॉन शहरात आमच्या गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघरात बायकांची अंगं घासते. सगळे तिला मावशी म्हणतात. पिलनाम म्हणजे पुढचा नक्की मुलगा. तिसरीही मुलगीच झाली म्हणून चिडलेल्या बापानं ठेवलेलं नाव. साठी उलटली तरी ते गळ्यात होतंच. विकायला पिल्लं पैदा करणाऱ्या कारखान्यातून आम्ही गल्लीतल्या काही जणींनी कुत्र्या सोडवून आणल्या, तेव्हा त्यातल्या सगळ्यात कळकट कुत्रीकडं बघून ती म्हणाली, "ही माझी. हिच्याकडं बघतानाही लोकांचा डोळा पुढच्या पिल्लावरच असणार."

नाव ठेवलं कामजा, म्हणजे बटाटा. पिंजऱ्याचे गज चावून पुढचे दात झिजलेले, मागच्यांवर पिवळं किटण, आणि घाण वास दारापर्यंत. डॉक्टर म्हणाले, "हृदय कमजोर आहे. दात काढायला आत्ता भूल दिली तर उठायची नाही. औषधानं जरा ताकद येईपर्यंत रोज हलक्या हातानं दात घासा. नाहीतर जबडा जाईल."

घासणं तर मावशीचा धंदाच. न्हाणीघरात काम सुरू करताना, कूस बदलायला सांगताना ती गिऱ्हाइकाच्या ओल्या पाठीवर दोन चापट्या मारते, बोलावंच लागत नाही. हातात ब्रश घेतला आणि सवयीनं कामजाच्या पाठीवरही टप टप केलं. कामजा जागच्या जागी मुतली आणि चपलांच्या फळीखाली घुसली.

मी ओरडले, "मावशी, ती काय तुझं गिऱ्हाईक आहे?"

"अगं, हळू मारलं!"

"तिला हळू नि जोरात काय कळतंय? हात उठला की कुणीतरी पिल्लं उचलून नेतं, एवढंच तिनं बघितलंय."

मावशीनं ब्रश लपवून ठेवला. मग नुसता तळहात जमिनीवर उताणा ठेवून बसायची. कामजा यायची, हुंगायची, पळायची. पुढं बिनमिठाच्या सुक्या माशाच्या रश्शात बोट बुडवून ते ओठाला लावायची. मग बोटाला मऊ फडकं. मग ब्रश, नुसता चाटायला. आयुष्यभर खरखरीत हातमोज्यानं मळ काढणारा तो हात पिसासारखा झाला. न्हाणीघराची मालकीण चिडवायची, "आमची कातडी सोलतेस, आणि कुत्रीला मात्र लोणी?"

"तुझी कातडी तेवढी जाड आहे, बाई!"

शरदात झाडांवर पर्सिमनची केशरी फळं पिकायला लागली तेव्हा मावशीचा फोन आला. "ये लवकर! मागचा दातसुद्धा घासू देतेय!" मी गेले. मावशीनं तळहात उताणा ठेवला. कामजा आपणहून आली आणि हनुवटी त्यावर टेकवून बसली. कुणी धरलं नव्हतं तिला.

आणि एक दिवस मऊ भात खाताना तिचा जबडा मोडला. मऊ भात!

डॉक्टर म्हणाले, "बाहेरून तुम्ही स्वच्छ ठेवलंत. आतलं हाड तुमच्याकडं यायच्या आधीच संपलं होतं." आता भूल देण्यावाचून इलाज नव्हता. कामजा उठली नाही.

मावशी कामावर परतली. पहिलंच गिऱ्हाईक फळीवर पालथं पडलेलं, हातात फोन, भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. "मावशी, बघ ना, हे पिल्लू काल घेतलं. दुकानात काचेमागं बसलं होतं. गोड आहे ना?"

"ह्याची आई कुठंय?"

"दुकानात आई कशाला ठेवतील?"

मावशीनं दोन चापट्या मारल्या. बाई वळली. मग मावशीनं तिला असं घासलं की ती लालबुंद होऊन मालकिणीकडं तक्रार करायला गेली. मालकीण म्हणाली, माफी माग. मावशीनं मागितली नाही. मीही मागू दिली नसती.

काचेमागचं पिल्लू बघून तुमचं मन पाघळेल, मला ठाऊक आहे. तेव्हा दुकानदाराला एवढंच म्हणा, "आधी ह्याच्या आईला आण, मला तिचं तोंड बघायचंय." तो आणणार नाही. मग रिकाम्या हातानं बाहेर पडा. एवढं करा.