मंचावरचा माठ

नगरपालिकेच्या निवडणुका लागल्या, ही बातमी माझ्या बायकोला मीच वाचून दाखवली. लातूरच्या दवाखान्यात, खिडकीशेजारच्या खाटेवर ती पडून होती, नाकाला ऑक्सिजनची नळी. कित्येक वर्षं आमच्या गावच्या पालिकेत प्रशासक बसलेला, निवडणुकीचं नाव नाही, आणि आता लागली ती नेमकी अशा वेळी. मला वाटलं ती हळहळेल. तिनं नळी जराशी बाजूला सरकवली आणि म्हणाली, ‘‘माठ धुऊन ठेवा. तळाला गाळ बसला असंल...’’ एवढंच. मी ‘बरं’ म्हणालो. नळी काढू दिली म्हणून नर्स माझ्यावरच ओरडली. त्यानंतर आमचं बोलणं झालं ते गोळ्यांचं आणि जेवणाच्या डब्याचं. त्याच आठवड्यात ती गेली. चाळीस वर्षांच्या संसारातलं तिचं शेवटचं सांगणं माठाचं होतं, हे मला तेव्हा कळलंसुद्धा नाही.

तिचं नाव सुलोचना, पण गावात या नावानं तिला कुणी ओळखत नसे. लहानथोर सगळ्यांची ती ‘बिरादार बाई’. माहेर निलंग्याचं, बोलणं तोडून, आणि नोकरी मुलींच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवण्याची. माझं धान्याच्या मोंढ्याजवळ पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान. आमच्याकडे नळाला पाणी येतं आठ दिवसाआड. ते दुसऱ्याच्या आधी आपल्याकडे ओढून घ्यायला लोक नळाला छोटी मोटार जोडतात, आणि ती मोटार माझ्या दुकानातून नेतात. गावाच्या तहानेवर आमचं घर चालतं, असं ती चारचौघांत खुशाल सांगायची. मी म्हणायचो, त्याच घरात तू पण जेवतेस की. ती म्हणायची, म्हणून तर मला बोलायचा हक्क आहे. तिच्याशी वादात मी कधी जिंकलो नाही, आणि आता खरं सांगतो, जिंकावं असं फारसं वाटलंही नाही.

माठाची गोष्ट सुरू झाली ती आमच्या केसांत काळं जास्त होतं तेव्हा. पालिकेची निवडणूक होती. प्रभागातले तिन्ही उमेदवार एकाच संध्याकाळी, एकामागून एक, भोंगे आणि हलग्या घेऊन आमच्या दारात आले. सुलोचनानं तिघांनाही एकच विचारलं, पाण्याचं काय करणार. तिघांनीही हात जोडून एकच सांगितलं, बघून घेऊ बाई, तुम्ही काळजी करू नका. तिसरा गेल्यावर ती उंबऱ्यातच उभी राहिली आणि म्हणाली की हे तिघं शेजारी शेजारी बसले तर यांना असं बोलायला लाज वाटेल. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती तहसीलमध्ये गेली आणि सभेची परवानगी मागितली. कोणत्या पक्षाची सभा, असं तिथल्या साहेबांनी विचारलं. प्रभागाची, असं तिनं सांगितलं. तसा रकाना त्यांच्याकडे नव्हता. तरी परवानगी घेऊनच ती घरी आली.

मारुतीच्या देवळासमोरच्या मैदानात चार बाकं जोडून मंच केला. हार नाहीत, गमछे नाहीत, चिठ्ठ्या टाकून बोलण्याची पाळी. पाण्याचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. उन्हाचे दिवस, उमेदवारांचे घसे सुकले, तेव्हा तिनं घरातला माठ मागवला. आमचं साधं नळाचं पाणी, त्या दिवशी जरा पिवळसरच आलं होतं. पहिल्या उमेदवारानं घोट घेतला आणि तोंड असं केलं की समोरचं सगळं मैदान हसलं. पुढं बसलेल्या एका म्हातारीनं तिथूनच विचारलं, ‘‘काय झालं लेकरा? आमी तर रोजच पिऊन राहिलो.’’

तो हशा सुलोचनानं बरोबर पकडला. पुढच्या निवडणुकीपासून माठ ठरूनच मंचावर आला. सभेआधीच्या शेवटच्या पाण्याच्या दिवशी, चार शेजाऱ्यांच्या देखत, अंगणातल्या नळावर तो भरायचा. गाळायचं नाही, तुरटी फिरवायची नाही. स्टीलच्या पेल्यात पाण्याचा रंग दिसत नाही म्हणून काचेचे ग्लास आणले. प्या असं ती कुणाला म्हणत नसे. ग्लास भरून समोर ठेवायची आणि खाली येऊन बसायची. भाषण कसंही झालं तरी लोक घरी जाताना बोलायचे ते ग्लासाबद्दल. कुणी सगळा प्यायला, कुणी ओठाला लावून ठेवला, कुणाच्या माणसानं मागून हळूच बाटली दिली. एका गड्यानं तर दोन ग्लास पिऊन तिसरा मागितला, निवडून आला आणि नंतर पाच वर्षं दिसलाच नाही. तेव्हा हा काही अचूक काटा नव्हता, हेही कबूल केलं पाहिजे. पण निवडणुकीच्या आठवड्यात आमच्या प्रभागाला जसं स्वच्छ पाणी यायचं, तसं दिवाळीलासुद्धा कधी आलं नाही. लोक त्याला माठाची सभा म्हणू लागले. नांदेडला लेकीकडे गेलो तर तिकडचे लोकही विचारायचे, त्या माठवाल्या बाई तुमच्याच का? मी छाती काढून हो म्हणायचो.

माझा धाकटा भाऊ राजेंद्र याच माठातलं पाणी पिऊन निवडून आला. आमचा राजू बोलका, धावपळ्या, कुणाच्याही मयतीला पहिला. त्या सभेत त्यानं ग्लास रिकामा करून पालथा ठेवला आणि सांगितलं की पाच वर्षांनी या माठातलं पाणी लहान लेकराला पाजता येईल असं असेल. सुलोचनाला दिराचं फार कौतुक. सभेत टाळी वाजवायची नाही हा तिचाच नियम, पण त्या दिवशी तिनं पदराआड वाजवली, मी पाहिली. राजू पुढं पाणीपुरवठ्याचा सभापती झाला. खोटं कशाला बोलू, त्यानं खटपट केली. रस्ते खणले, पाइप आले, ते कित्येक महिने रस्त्याच्या कडेला पडून राहिले, ठेकेदार बदलला, रस्ते पुन्हा खणले. पाच वर्षं गेली. पाणी पिवळं ते पिवळंच.

आणि राजू पुन्हा उभा राहिला. सभेच्या आठवड्यात कुठंतरी पाइप फुटला होता आणि नळाला चहासारखं पाणी आलं. माठ भरून झाला तेव्हा माझी आई, तेव्हा ती होती, चुलीपाशी येऊन बसली. ‘‘सुलोचना, घरचा माणूस हाय. येवढ्या बारीला जारचं पाणी भर. कोण बघायलंय?’’

सुलोचना भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘‘आत्याबाई, सगळे तेच बघायला येत्यात.’’

मी त्यातल्या त्यात शहाणपणा करायला गेलो. म्हटलं, तू आजारी आहेस असं सांगू, यंदा सभाच नको. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ताटात न मागता आणखी एक भाकरी वाढली. तोंड भरलेलं असलं की माणूस कमी बोलतो, असा तिचा हिशेब होता.

मैदान भरून गेलं होतं. वहिनीचा माठ आणि दिराची उमेदवारी, हे बघायला शेजारच्या प्रभागातलेही लोक आले होते. चिठ्ठीत पहिलं नाव राजूचंच निघालं. सुलोचनानं ग्लास भरला, त्याच्यापुढं ठेवला. राजूनं तो उचलला, उजेडात धरल्यासारखा जरा वेळ धरला... आणि खाली ठेवला. खिशातून बाटली काढून त्यातले दोन घोट प्यायला. मैदानात कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सुलोचना उठली. एरवी ती त्याला भाऊजी म्हणायची. त्या दिवशी तिनं पूर्ण नाव घेतलं. ‘‘राजेंद्र बिरादार, मागच्या बारीला तुम्ही ह्याच माठाचं पाणी पिऊन शब्द दिला होता. आज का नाही प्यायलात?’’

राजू ठेकेदाराचं बोलला, निधीचं बोलला, वरून मंजुरी अडल्याचं बोलला. त्यातलं बरंच खरंही होतं. पण ग्लास तिथंच राहिला, भरलेला. तो निवडणूक हरला. घरी येताना रिक्षात माठ मांडीवर घेऊन सुलोचना बसली होती. वळणावर पाणी हिंदकळून तिच्या साडीवर सांडलं, तिनं पुसलं नाही. म्हणाली, ‘‘प्यायला पाहिजे होतं त्यांनी. पिऊन म्हणायचं होतं, माझ्याच्यानं झालं नाही. मी एक शब्द विचारला नसता.’’ डोळे भरले होते. मत कुणाला दिलंस, असं मी पुढं कितीदा विचारलं. मत गुप्त असतं, मुलींना शिकवते मी, एवढंच उत्तर मिळालं. मला आजही माहीत नाही.

त्यानंतर आठ-नऊ वर्षं राजू आमच्या घराची पायरी चढला नाही. आई गेली तेव्हाही बाहेरच्या ओट्यावर बसून राहिला. फक्त येळवसला, वेळा अमावास्येच्या जेवणाला, तो शेतात यायचा, कारण शेत सामाईक आणि ती पंगत मोडायची नाही हे दोघांनाही पक्कं ठाऊक. सुलोचना सगळ्या भाज्यांची भज्जी वाढायची, आंबील ओतायची, विचारायची, आणखी वाढू का भाऊजी. तो म्हणायचा, बास. वर्षाचं तेवढंच बोलणं. तिनं माफी मागितली नाही. मागावी असं मलाही कधी वाटलं नाही, जरी भाऊ माझा होता. आणि तिच्या तोंडून राजूबद्दल वाईट शब्दही कुणी ऐकला नाही. एकदा स्टाफरूममध्ये कुणीतरी सुरुवात केली तर म्हणे तिनं बजावलं, माझ्या दिराला मी विचारीन, तुम्ही नाही. मला या बाईचा अभिमान वाटतो तो इथं. बाहेरच्यांना प्रश्न विचारणारे पुष्कळ असतात.

ती आजारी पडली तेव्हा लातूरला न्यायला गाडी राजूनंच आणली. दवाखान्यात तो दाराशी उभा असायचा, आत फारसा येत नसे. एक दिवस मी औषधं घेऊन वर आलो तर तो खाटेजवळ बसला होता आणि मला बघून उठला. दोघं काय बोलली ते मी विचारलं नाही.

तेरावं झाल्यावर प्रभागातली पोरं आली. काका, सभा घ्यायची ना? मी नाही म्हणालो. ती नसताना मंचावर कोण उभं राहणार? माठ मी धुतलाही नव्हता. परसात पालथा पडला होता, त्याच्याकडे बघवत नव्हतं. पोरं खाली मान घालून गेली. मग पाण्याचा दिवस आला. सकाळी अंगणात नळाची धार वाजायला लागली, पण मी नळ सोडला नव्हता. बाहेर येऊन बघतो तर राजू नळापाशी उकिडवा बसलेला. माठ घासून, खळबळून धुतलेला, आणि धारेखाली धरलेला. पाणी त्याच त्या रंगाचं. भिंतीपलीकडून शेजारीण बघत होती, आणि ती बघते आहे ना, हे राजूही बघत होता.

‘‘तुरटी न्हाई लावली दादा,’’ तो म्हणाला. ‘‘वैनीला चालत नव्हतं.’’

यंदा आमचा प्रभाग महिलांसाठी राखीव आहे. चार बायका मंचावर होत्या, आणि त्यांचे नवरे मागं बाटल्या घेऊन उभे. राजूनं माठ स्वतः खांद्यावरून आणला. माइकवर त्यानं वहिनीचं नाव घेतलं नाही, श्रद्धांजलीचं भाषण केलं नाही. पहिला ग्लास भरला. तो कुणापुढं ठेवायचा, असं चिठ्ठी उघडणाऱ्या पोरानं विचारलं. राजू म्हणाला, ‘‘थांब, आधीचा एक राह्यलाय.’’ आणि सगळ्या मैदानादेखत, उभ्यानं, तो ग्लास तो शेवटपर्यंत प्यायला. मग म्हणाला, ‘‘माझ्याच्यानं झालं नव्हतं.’’ ग्लास पालथा ठेवला आणि दुसरा भरायला घेतला. पुढं काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, माझा चष्मा धुरकटला होता. चौघी जणी प्यायल्या, हे मात्र दिसलं.

संध्याकाळी राजू माठ घेऊन घरात आला, पायरी चढून, आणि त्याच्या नेहमीच्या जागेवर, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या तिवईवर ठेवला. उरलेलं पाणी ओतून टाकू का, असं त्यानं विचारलं. मी राहू दे म्हणालो. ते जेवताना आम्ही दोघांनी संपवलं. चव अजून तीच आहे सुलोचना. येत्या आठवड्याला पाणी सुटलं की पुन्हा भरतो.