टँकरच्या रांगेतलं इंग्रजी

टँकर सरांच्या खिशात पेन नसे, खडू असे. टँकरचा हॉर्न ऐकू आला की त्यांचा हात आपसूक त्या खिशाकडं जायचा. त्यांचं खरं नाव गावात फारसं कुणी घेत नसे. दुष्काळाच्या त्या वर्षी तलवाड्याजवळच्या एका गावात ते दहावीला इंग्रजी शिकवत होते आणि मी बीडहून बी.एड.च्या पाठ-निरीक्षणासाठी त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसले होते.

फळ्यावर तारीख पडते न पडते तोच हॉर्न वाजला आणि वर्ग रिकामा झाला. पाण्यापुढं कसलं व्याकरण! मला वाटलं, संपला पाठ. सर मात्र शांतपणे चपला घालून मला म्हणाले, "चला म्याडम. वर्ग तिकडं गेलाय."

चावडीपुढं घागरी, हंडे, कळश्यांची रांग लागली होती. सरांनी टँकरच्या पत्र्यावरच खडूनं ओळ लिहिली. पोरं आपल्या भांड्यावर हात ठेवून 'धिस इज माय घागर' म्हणत आणि शेजारणीकडं बोट दाखवून 'दॅट इज हर घागर'. एक म्हातारी तर कुणी मधे घुसलं की 'माय घागर' म्हणत कोपर मारायची. ड्रायव्हर कुरकुरायचा, पण टँकर त्या ओळीसकट पुढच्या वस्तीवर जायचा. दहावीला हे असलं सोपं कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, "ही तर सुरुवात हाय. आदी तोंड तर उघडू द्या." मला हा माणूस तिथंच आवडला.

मग प्रश्नांची पाळी आली. प्रत्येकानं मागच्या माणसाला इंग्रजीत प्रश्न विचारायचा. मंगल नावाच्या उंच मुलीच्या मागं तिचे वडील उभे होते. आमच्या भागातल्या सहकारी कारखान्याचं धुराडं उसाअभावी गार पडलेलं, म्हणून मंगलच्या आईवडिलांची ऊसतोड टोळी दिवाळीनंतर लांबच्या कारखान्यावर तोडीला जाणार होती. मंगलच्या आईच्या कडेवर तान्हं होतं. ते सांभाळायला मंगलला न्यायचं ठरलं होतं, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं.

मंगलनं मान खाली घालून विचारलं, "हू विल गिव्ह माय एक्झाम?"

"काय म्हनती वो ही?" वडिलांनी सरांना विचारलं.

"तिलाच इचारा. म्या न्हाई सांगनार."

"माजी परीक्षा कोन देईल, आबा?" मंगल म्हणाली.

वडिलांनी पायानं हंडा पुढं सरकवला आणि ते 'बघू' म्हणाले. सरांनी लगेच पुढच्या पोराला प्रश्न विचारायला लावला.

दिवाळीनंतर सराव-पाठांसाठी मी त्याच शाळेत गेले, तेव्हा टोळी गेली होती आणि मंगल वर्गात होती. ती मावशीकडं राहिली होती. मला इतका आनंद झाला की मी सरांना शोधत निघाले. ते शेजारच्या प्राथमिक शाळेच्या ओट्यावर एकटेच बसले होते. मी अभिनंदन केलं, पण त्यांचा चेहरा काही खुलला नाही. तिसरीतली मंगलची धाकटी बहीण गेली होती, तान्ह्याला सांभाळायला.

"लेकरू कुनीतरी सांबाळायलाच लागतंय की, म्याडम," ते म्हणाले. "येवढंच माझ्या ध्यानात आलं न्हाई."

त्या दिवशी हॉर्न वाजला तेव्हा सर आधी तिसरीच्या वर्गात गेले आणि ती चिमुरडी पोरं त्यांनी प्रश्न विचारायला रांगेत सगळ्यांत पुढं उभी केली. मंगल पुढं पास झाली. तिची बहीण शाळेत परत आली की नाही, मला कळलं नाही.

सर आता नाहीत. मी नोकरीनिमित्त जिल्ह्यातल्या शाळा पाहत फिरते. तोडीच्या हंगामातही शाळेत टिकलेलं एखादं पोर गुरुजी कौतुकानं माझ्यापुढं उभं करतात. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवते, नाव विचारते आणि मग विचारते, "बाळा, तुझ्या जागी कोण गेलं?"