ब्रेकेंच्या पाणथळीची परवानगी

ऑर्लिन ट्वेटने आयुष्यात कुणाकडे तोंड उघडून काही मागितलं नव्हतं, आणि तरीही तालुक्यातली निम्मी शेतं त्याला शिकारीसाठी मोकळी होती. जेम्स नदीच्या खोऱ्यात मागण्याची रीतच तशी आहे. माणसाने मागायचं, पण मागितलं असं दिसता कामा नये. मालकाने द्यायचं, पण दिलं असं म्हणता कामा नये. या विद्येत ऑर्लिन म्हणजे उस्तादांचा उस्ताद. व्हर्नाला त्याने लग्नाची मागणीसुद्धा घातली नव्हती. "जूनमध्ये चर्च मोकळं असतं म्हणे," एवढंच तो तिच्या अंगणात उभा राहून ढगांकडे बघत म्हणाला, आणि व्हर्नाने घरात जाऊन आईला शिलाईमशीन काढायला सांगितलं.

फेझंटची शिकार ऑक्टोबरात सुरू होते, पण ऑर्लिनचा हंगाम ऑगस्टातच सुरू व्हायचा. फेझंट म्हणजे गळ्यात पांढरी कंठी, तांबूस सोनेरी अंग आणि हातभर शेपूट, असा नवरदेवाच्या थाटाचा रानकोंबडा. कोंबडी मात्र वाळक्या गवताच्या रंगाची, आणि तिला मारायला कायद्याने बंदी. हा नवरदेव राहतो दुसऱ्याच्या शेतात, म्हणून मालकाकडे जाणं आलं. गाडी घरापासून जरा लांब उभी करायची, म्हणजे आपल्याला घाई नाही हे कळतं. मालक गोठ्यातून बाहेर आला की दोघांनी गाडीच्या कठड्यावर कोपरं टेकून एकाच दिशेला बघायचं. एकमेकांकडे बघितलं तर भांडण चाललंय असं घरातल्यांना वाटतं. आधी पाऊस. मग मका. मग कुणाच्या तरी खुब्याचं ऑपरेशन. मग एक लांबलचक शांतता, जिच्यात एखादा ढग या कुंपणावरून त्या कुंपणावर आरामात पोचेल. आणि मग ऑर्लिन म्हणायचा,

"कोंबडे बरेच दिसतायत म्हणे यंदा."

"असतील."

"ओढ्याच्या अंगाला?"

"तिकडची लाल गाय जरा मारकी आहे. फाटक लावून घे."

झालं. परवानगी मिळाली.

खरं सांगायचं तर ऑर्लिनचा जीव कोंबड्यापेक्षा त्या शांततेवर जास्त होता. तिच्यात त्याची तंद्री लागायची. मालक खुब्याबद्दल बोलत असायचा आणि ऑर्लिन मनाने केव्हाच कुंपण ओलांडून गुडघाभर गवतात शिरलेला असायचा. गावच्या धान्य-कोठारावर वजनकाट्याशी त्याने सगळी नोकरी काढली, तीही अशीच. काट्यावर मक्याचा ट्रक उभा, ड्रायव्हर खिडकीतून ओरडतोय, आणि हा उडणाऱ्या कोंड्याच्या सोनेरी धुळीत कुठलंतरी रान बघत बसलाय. "ऑर्लिन, ट्रकाला मुळं फुटायला लागली!" असं कुणी म्हटलं की तो दचकायचा, लाजायचा आणि वजन मात्र बरोबर सांगायचा.

त्याच्या या तंद्रीला साथ होती गर्टीची. गर्टी ही त्याची तपकिरी ठिपक्यांची कुत्री. कोंबड्याचा वास आला की एक पाय उचलून, शेपूट ताठ करून पुतळ्यासारखी उभी राहायची. आता ती म्हातारी झाली होती. मागचे पाय धरायचे. जनावरांच्या डॉक्टरने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि ऑर्लिनकडे न बघता सांगितलं, "येता हिवाळा काढेल असं वाटत नाही. हिंडव थोडं, जमेल तेवढं." तेव्हापासून दोघं शेगडीपाशी बसून असत. गर्टी झोपेत धावायची, तिचे पंजे फरशीवर टकटक वाजायचे; ऑर्लिन जागेपणी धावायचा. व्हर्ना दोघांच्या मधून झाडू फिरवायची.

गर्टीला अजून एकदा रानात न्यायचं, एवढं एकच ऑर्लिनच्या डोक्यात होतं. पण कुठे? इतर शेतांत ढेकळं, चढ, तारा. म्हाताऱ्या कुत्रीला झेपेल अशी जागा साऱ्या तालुक्यात एकच होती. ब्रेकेंच्या घरामागे सपाट वाट, वाटेच्या टोकाला गवताचा पट्टा, आणि लगेच पाणकणसांनी भरलेली पाणथळ. चर्चपासून बेकरीपर्यंत जेवढं चालावं तेवढंच. गेली तीस वर्षं दर ऑगस्टात क्लेटन ब्रेकेने यंत्रांच्या शेडपाशी उभं राहून ऑर्लिनला त्या पाणथळीबद्दल "जरा चिखल आहे हं" असं बजावलं होतं, आणि दर ऑक्टोबरात ऑर्लिन त्या चिखलात गेला होता.

पण क्लेटन हिवाळ्यात वारला. आणि वसंतात कुंपणाच्या प्रत्येक कोपऱ्यावर पाट्या लागल्या. ठळक अक्षरांत, नारिंगी रंगात: शिकार बंद.

ऑगस्टात ऑर्लिन टोमॅटोची टोपली घेऊन क्लेटनच्या बायकोकडे, अर्डिसकडे गेला. अर्डिस ब्रेके त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी. लहानपणी रविवारी चर्चमध्ये बायबलच्या गोष्टी तिनेच त्याला शिकवलेल्या, त्यामुळे तिच्यासमोर तो अजूनही टोपी काढून, केस चापून बसायचा. तिने कॉफी ओतली, खजुराच्या वड्या पुढे केल्या. पाऊस झाला, मका झाला, खुबा झाला. मग शांतता आली. चांगली, भरदार, दाणेदार शांतता. ऑर्लिनने मुहूर्त साधला.

"क्लेटनच्या पाणथळीत यंदा कोंबडे बरेच असतील, नाही?"

"कुणाच्या पाणथळीत?"

"क्लेटनच्या."

"हं," अर्डिस म्हणाली. "अजून एक वडी घे."

ऑर्लिनने वडी खाल्ली. चार खाल्ल्या. पण लाल गाईचा, फाटकाचा, चिखलाचा, कशाचाच उल्लेख आला नाही. तो घरी आला तो पोट धरूनच.

सप्टेंबरात त्याने सोबत हत्यारांची पेटी नेली. अर्डिसच्या मागच्या दाराचं बिजागर करकरत होतं ते बदललं, पन्हळीतली पानं काढली आणि शिडीवरूनच, सहज सुचल्यासारखं म्हणाला, "क्लेटन असता तर आत्ता आम्ही पाणथळीवरच बोलत असतो."

"क्लेटन असता तर ते दार अजून दहा वर्षं करकरलं असतं," खालून उत्तर आलं. "उतर. कॉफी निवतेय."

घरी व्हर्ना कपाळाला हात लावून बसली. "अरे, सरळ विचार ना तिला!"

"सरळ कसं विचारू? नाही म्हणाली तर?"

"नाही म्हणता येतं, त्यालाच विचारणं म्हणतात, ऑर्लिन."

हे ऑर्लिनला भयंकर वाटलं. घरात शिरताना दारच उखडून टाकावं तसं काहीतरी. तो गर्टीजवळ जाऊन बसला. गर्टीचे पंजे चालले होते. ती कुठे धावत होती हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

हंगाम शनिवारी दुपारी उघडणार होता. शुक्रवारी सकाळी त्याने गर्टीला उचलून गाडीत ठेवलं आणि निघाला. ऑक्टोबरचं ऊन पडलं होतं, पातळ मधासारखं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभा वाळका मका सुळसुळत होता, वर रानबदकांच्या रांगा अर्धवट पुसल्यासारख्या दिसत होत्या, आणि ऑर्लिन इतक्या सावकाश गाडी चालवत होता की मागून आलेला ट्रॅक्टर त्याला ओलांडून गेला. ट्रॅक्टरवाल्याने तब्येतीची चौकशीसुद्धा केली.

अर्डिस दारातच उभी होती. "कुत्रीला गाडीत काय ठेवलंस? आण आत."

गर्टी स्वयंपाकघरात आली, चुलीसमोर पसरली आणि झोपली. ऑर्लिनने टोपी काढली. पावसाला सुरुवात केली.

"पाऊस पुरे," अर्डिस म्हणाली. "ऑर्लिन, ही जमीन कुणाची?"

"म्हणजे... क्लेटनची. तुमची आता."

"आता! माझ्या बापाची जमीन ही. आम्हा सोलेमांची. क्लेटन इथे आला तेव्हा गडी म्हणून आला, पाठीवर अकॉर्डियन घेऊन, आणि तेही त्याला धड वाजवता येत नव्हतं. लग्न झालं, जमीन कसायला लागला, आणि साऱ्या तालुक्याने ती ब्रेकेंची करून टाकली. तू तीस वर्षं शेडपाशी उभा राहून त्याच्याशी ढग बघत बसायचास. मी कुठे असायचे?"

ऑर्लिनने आठवून बघितलं. शेड दिसली, ढग दिसला, क्लेटनचं कोपर दिसलं. मग त्या चित्राच्या कडेला हळूहळू एक दोरी दिसायला लागली, दोरीवर चादरी, आणि चादरींच्या मागे कुणाचे तरी बूट.

"कपडे वाळत घालत होतात," तो पुटपुटला.

"आणि सगळं ऐकत होते. तू गेलास की क्लेटन आत यायचा आणि मला विचारायचा, 'अर्डिस, ऑर्लिन येतोय, येऊ दे ना गं?' मी म्हणायचे, येऊ दे. आभार मानायला तू त्याच्याकडे. साफ केलेले कोंबडे देणार त्याच्या हातात. तो ते ओट्यावर टाकून म्हणायचा, घे, मी आणलेत! भाजायचे मी."

"मग त्या पाट्या..."

"मीच लावल्या. म्हटलं, आता तरी कुणी येऊन मला विचारेल. तर लोक पाटी वाचतात, गाडी वळवतात आणि शेजाऱ्याकडे जाऊन चौकशी करतात, अर्डिस रागावलीय का! तू तरी वड्या खाल्ल्यास."

ती खुर्चीत बसली. हात मांडीवर ठेवले. आणि थांबली.

ऑर्लिनला कळलं की ही शांतता त्याच्या ओळखीची नाही. हिच्यात ढग नव्हते, शिरायला गवत नव्हतं. हिच्यात समोर फक्त एक बाई होती आणि ती त्याच्याकडे थेट बघत होती. चुलीसमोर गर्टीचा एक पंजा हलला. वजनकाट्यावर कधी भल्याभल्यांच्या ट्रकांनी ऑर्लिनला जो घाम फोडला नव्हता, तो आता कानांमागून ओघळला.

"अर्डिस," तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्याने एकेक शब्द विहिरीतून ओढल्यासारखं वर काढलं, "उद्या... तुमच्या जमिनीवर... मी आणि गर्टी... शिकारीला येऊ का? तिचं हे शेवटचंच आहे. दुसरीकडे तिला झेपणार नाही."

सांगून झाल्यावर तो इतका लाल झाला, की अर्डिसने उठून खिडकी उघडली. खिडकीशीच ती बराच वेळ उभी राहिली. ऑर्लिनला त्या वेळात समजलं, की 'नाही' हा शब्द खरोखर असतो आणि तो याच खोलीत कुठेतरी आहे.

"मी पण येणार," अर्डिस पाठमोरीच म्हणाली. "जन्मभर त्या दिवशी मी तुम्हा लोकांच्या जेवणाचे बटाटे सोलत बसलेय. हंगामाच्या दिवशी माझी पाणथळ कशी दिसते, मला माहीत नाही. मला नेणार असशील तर ये."

"नेतो," ऑर्लिन म्हणाला. मग घाईघाईने जोडलं, "जरा चिखल आहे हं."

"ऑर्लिन! माझ्याच चिखलाबद्दल मला सांगतोस?"

शनिवारी दुपारी ते निघाले. पुढे गर्टी, मागे ऑर्लिन बंदूक घेऊन, त्याच्या बाजूला अर्डिस, डोक्याला लोकरी रुमाल आणि पायात घोट्याच्या वरपर्यंत चढणारे बूट. वारा नव्हता. गवतात ऊन साचून राहिलं होतं. त्यात पाऊल टाकलं की वाटायचं, आपण कुणाच्या तरी झोपेतून चाललोय, आवाज करू नये. कोळ्यांचे सुटे धागे हवेतून तरंगत येऊन ऑर्लिनच्या बाहीला, बंदुकीला, अर्डिसच्या रुमालाला चिकटत होते. गर्टी मध्येच थांबायची, दम घ्यायची, आणि आपण वाट बघण्यासाठी थांबलोय असा चेहरा करायची. मग तीही दोघं आपणच दमल्यासारखं करून थांबायची.

"हे एवढं सुंदर असतं," अर्डिस कुजबुजली, "आणि तुम्ही घरी येऊन फक्त चिखलाचं सांगायचात?"

पाणथळीच्या काठाला गर्टी एकाएकी ताठ झाली. एक पाय उचलला. मागचे पाय लटपटत होते, पण शेपूट सुईसारखी सरळ. ऑर्लिन पुढे सरकला. फडफडाट झाला आणि वाळक्या गवताच्या रंगाची कोंबडी उडून गेली.

"ती नाही," ऑर्लिन म्हणाला.

"दिसतं मला," अर्डिस म्हणाली.

पण गर्टी हलली नव्हती. ती अजून तशीच, नाक किंचित डावीकडे. ऑर्लिनला आठवलं की ही कुत्री आपल्यापेक्षा कमी वेळा चुकते. त्याने अजून एक पाऊल टाकलं, आणि पाणकणसांतून सोन्याचा एक लोळ आरडाओरडा करत सरळ उन्हात चढला. ऑर्लिनने बंदूक उचलली. बार झाला. कोंबडा हवेत क्षणभर थांबल्यासारखा झाला आणि पलीकडे, दाट कणसांत पडला.

गर्टी आत शिरली. कणसं हलली, मग हलायची थांबली. पाण्याचा आवाज आला, मग तोही थांबला. कणसांचा पांढरा कापूस उडून हळूहळू खाली येत राहिला. ऑर्लिनने पाऊल उचललं, तसा अर्डिसने त्याचा दंड धरला.

"तिला करू दे."

मग पार खालच्या बाजूला कणसं दुभंगली आणि गर्टी बाहेर आली. पोटापर्यंत काळी, ओलीचिंब, आणि तोंडात तिच्याएवढा वाटणारा कोंबडा. शेपटीचं लांब पीस गवतातून ओढत ती त्यांच्याकडे निघाली. अर्ध्या वाटेत तिचे मागचे पाय बसले. ती तशीच खाली बसली, मान उंच, कोंबडा तोंडात घट्ट, डोळे अर्धे मिटलेले. तिच्या कानांवर ऊन होतं.

"जाऊन घ्यायचा का तिच्याकडून?" अर्डिसने विचारलं.

"छे," ऑर्लिन म्हणाला. "आणेल ती."

त्याने बंदुकीतली काडतुसं काढून खिशात टाकली आणि गवतात बसला. अर्डिसही गुडघे धरत, बापाच्या नावाने काहीतरी पुटपुटत, त्याच्या शेजारी बसली. वरून रानबदकांचा मोठा थवा गेला आणि गर्टीने तोंडातला कोंबडा न सोडता मान वळवून तो जाईपर्यंत बघितला. दूरवर कुणाच्या तरी शेतात बार होत होते, घाईघाईचे, एकामागून एक. इथे कुणालाच घाई नव्हती. गर्टी उठण्याची ती दोघं वाट बघत राहिली.