केशवापासून दामोदरापर्यंत

मध्वेशरावांना स्टेंट बसवून चार महिने झाले होते. कुंभकोणमच्या एका कुरिअर कचेरीत ते पुन्हा सायकलीवर रुजू झाले होते. वय सत्तावन्न. डॉक्टरांनी सायकलीला हरकत घेतली नव्हती, फक्त धाप लागू द्यायची नाही, असं बजावलं होतं. हेच त्यांचा जीव खात होतं. धाप लागणार हे लागण्याआधी कसं कळायचं?

तीस वर्षं ते पेडलवर सगळं अंग टाकून सायकल रेटत आले होते. मुलगी श्रीरंजनी फिजिओथेरपिस्ट. तिने घड्याळ लावून त्यांच्या पायांचे फेरे मोजले, मिनिटाला जेमतेम चाळीस. फेऱ्यागणिक जोर फार पडतो, तो कमी करा आणि फेरे साठाच्या आसपास न्या, असं तिचं म्हणणं. बालाजी सायकलवाल्याने मागे जास्त दात्यांचं फ्रीव्हील बसवून दिलं. पेडल हलकं झालं, पण मध्वेशरावांची धास्ती वाढली. पाय एवढे भराभर फिरले तर काळीजही तसंच धावेल, असं त्यांना वाटे.

"अप्पा, चालवताना बोलता आलं पाहिजे," श्रीरंजनी म्हणाली. "बोलणं तुटलं की जोर जास्त झाला म्हणून समजा."

एकट्याने काय बोलणार? ते संध्येतली नावं पुटपुटू लागले. केशव, नारायण, माधव, गोविंद... दामोदरापर्यंत बारा नावं न अडखळता आली की जिवाला बरं वाटे.

आडी महिन्यात, म्हणजे तमिळ आषाढातल्या वाऱ्याच्या दिवसांत, एका सकाळी सुंदरपेरुमाळ कोयिल गावच्या पंकजा नावाच्या मुलीचं पाकीट आलं. वर 'मुलाखतपत्र, तातडीचं' असं लिहिलेलं. पाकिटावरचा नंबर लागेना. मध्वेशराव निघाले.

गावाबाहेर पडताच पश्चिमेचा वारा तोंडावर आला. पाय जड झाले. पाकीट लवकर पोचवायच्या घाईत ते जुन्या सवयीने पेडलवर उभे राहिले आणि चारच नावांत श्वास तुटला. छातीत डावीकडे काहीतरी आवळल्यासारखं झालं. ते उतरले आणि कालव्याच्या कठड्यावर बसले. मनगटावर बोट ठेवून ठोके मोजू लागले; दोनदा मोजणी चुकली. दुखतंय का, की दुखेल या भीतीनेच आवळतंय? घरी फोन करावा, तर श्रीरंजनी उद्यापासून सायकलच काढू देणार नाही. दहा मिनिटांनी आवळणं गेलं. वारा तसाच होता.

ते पुन्हा बसले. या वेळी वाऱ्याशी भांडले नाहीत. वेग माणसाच्या चालीएवढा झाला तरी पाय हलके फिरवत राहिले. मागून आलेल्या बायका भाताची रोपं डोक्यावर घेऊन त्यांच्याशी बोलत बोलत पुढे निघून गेल्या.

अकराला पंकजाच्या दारात पोचले. मुलाखत दुसऱ्या दिवशी सकाळी चेन्नईत होती. मुलीने पत्र वाचलं आणि आधी त्यांच्याकडे बघितलं. घामाने भिजलेला त्यांचा सदरा पाहून तिने आत जाऊन ताक आणलं, मग बॅग भरायला घेतली. दुपारच्या गाडीने ती गेली.

संध्याकाळी श्रीरंजनीने नेहमीप्रमाणे विचारलं. याआधी ते दर वेळी "बरं चाललंय" म्हणत. आज म्हणाले, "वाटेत दहा मिनिटं बसलो. छाती आवळली होती."

ती रागावली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. ईसीजीची पट्टी ठीक आली. तरी डॉक्टरांनी आडी संपेपर्यंत पश्चिमेची गावं दुसऱ्याला द्यायला सांगितली, आणि मध्वेशराव मुकाट्याने हो म्हणाले.