टेराहर्ट्झला कूलर सोसत नाही

काटा हलेना. तपासणी समितीचे तीन पाहुणे समोर, माझ्यामागे आमचे विभागप्रमुख कुलकर्णी सर श्वास रोखून उभे, आणि काटा शून्यावर पहुडलेला. सकाळी तालमीत हाच काटा टणाटण उड्या मारत होता!

प्रयोग सोपा होता. टेराहर्ट्झ म्हणजे मायक्रोवेव्ह आणि उष्णतेचे किरण यांच्या मधल्या लहरी. आमच्या यंत्रातून निघणारी लहर उभी डोलते. पुढची तारांची जाळी फक्त आडव्या डोलणारीला सोडते. मध्ये आमची नखाएवढी चिप ठेवायची. तिच्यावर केसाहून बारीक सोन्याची नक्षी. यालाच मेटामटेरियल म्हणतात. ही नक्षी उभ्या लहरीला आडवी करते. लहर जाळीतून पार, पलीकडच्या मीटरचा काटा वर, टाळ्या! शहर वाढत होतं, कॉलेजात नवे कोर्स निघत होते. आज काटा उडाला नाही, तर आमची खोली कॉम्प्युटर लॅबला जाणार होती.

"चिप फिरवा," सर कुजबुजले.

फिरवली. हात असे नाचवले की एका पाहुण्यांनी विचारलंच, "मॅडम, जादूचे प्रयोगपण करता का?"

"आत्ता तरी तेवढेच चाललेत, सर."

शेवटी चिप काढली, जाळीही काढली. मध्ये नुसती हवा. तरी शून्य! म्हणजे चिप निर्दोष. लहरच पोचत नव्हती.

आणि लक्षात आलं, भर मे महिन्यात मला घाम येत नव्हता. वळून पाहिलं. पडद्यामागं कूलर घुमत होता.

"अब्दुलभाई, हे काय?"

आमचे शिपाई अब्दुलभाई खुशीत म्हणाले, "मुंबईचे मेहमान हाईत ना मॅडम. टँकर आला व्हता, चार बादल्या वतल्या. वाळ्याची ताटीबी नवी टाकली."

हवेत वाफ असली, की आमची लहर वाटेतच जिरते. इतरत्र यंत्राभोवती कोरडा नायट्रोजन भरावा लागतो. आमच्याकडं ते काम दुष्काळ फुकटात करत होता.

"बंद करा तो!"

"अन् मेहमान? सुकतील ना!"

"सुकू द्या."

दारं-खिडक्या उघडल्या. पाहुण्यांना व्हरांड्यात बसवलं, कारण आता मला त्यांच्या घामाचीही धास्ती होती. अर्ध्या तासानं चिप आणि जाळी परत लावली. काटा उडाला! तिघांनी तो खिडकीतून, रुमालानं मान पुसत पाहिला.

खोली वाचली. अहवालात लिहून आलं: प्रयोग यशस्वी, बैठकव्यवस्था असमाधानकारक.

तेव्हापासून यंत्र अडलं की मी स्क्रूड्रायव्हर घेत नाही. आधी विचारते, आज मदत कुणी केली?